शब्दांची कुळकथा : झुलूंचे 'डूबे'

आडनावांची चर्चा निघाली की घरातील आबालवृद्ध कान टवकारतात. आजवर ह्या सदरात आम्ही बहुधा देशी आडनावांचाच विचार केला. परंतु एका वाचकभगिनीने अलीकडे अशी पृच्छा केली आहे की, दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात जॉन डूबे नामक एका थोर झुलू पुढाऱ्याचे नाव येते. इंग्रजी लिपीत ते आपल्याकडील 'दुबे' ह्या आडनावाप्रमाणेच लिहितात. तर ह्या दोन कुळांचा पूर्वी काही संबंध असावा काय? प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर 'नाही' एवढेच देऊन मोकळे होता आले असते. परंतु ह्या 'नाही'च्या पाठीमागे एवढी रसाळ हकीकत आहे की, ती वाचकांस सादर केल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

प्रथम आपल्या दुब्यांचे पाहू. उत्तर हिंदुस्थानातील दुबे म्हणजे मूळचे द्विवेदी, दोन वेदांचे अध्ययन करणारे. चतुर्वेदीचे जसे चौबे झाले, त्याच वाटेने द्विवेदीचे दुबे झाले, आणि गुजराथेत त्याचेच दवे झाले. संस्कृत शब्द प्राकृतांच्या तोंडी घासत घासत कसा गुळगुळीत होतो, त्याचा हा सुंदर नमुना आहे. ह्या बदलातील प्रत्येक पायरी आपल्याला दाखविता येते, आणि सोबत चौबे, दवे इत्यादी भावंडेही साक्षीस उभी करता येतात. व्युत्पत्ती खरी असल्याची खूण हीच होय.

झुलूंचा 'डूबे' मात्र निराळ्याच मातीत उगवला आहे. झुलू ही बांटू कुळातील भाषा. आज एक कोटीहून अधिक लोकांची ती मातृभाषा आहे. ह्या भाषेत नामांना मागे प्रत्यय न लागता पुढे उपसर्ग लागतात. 'इडूबे' म्हणजे एक झेब्रा, 'अमाडूबे' म्हणजे अनेक झेब्रे. उपसर्ग काढला की उरते ते 'डूबे', आणि तेच आडनाव. उच्चार करताना पहिले अक्षर चांगले लांबवावे; कारण शब्दातील शेवटून दुसरा स्वर दीर्घ करणे ही ह्या भाषेची रीतच आहे. त्यातील 'ब' देखील आपला नव्हे. तो श्वास किंचित आत ओढून उच्चारावयाचा असतो; सिंधी भाषा ज्यांच्या कानावरून गेली असेल त्यांस असा 'ब' परिचयाचा वाटेल. एवंच, अर्थ निराळा, घडण निराळी, ध्वनीही निराळा. साम्य काय ते इंग्रजी अक्षरांचे. दोन अक्षरी शब्द जगाच्या पाठीवर कोठेही एकसारखे सापडतात. तेवढ्यावरून सोयरीक जोडू लागलो तर जगात परके असे कोणी उरणारच नाही. ही भावना स्तुत्य खरी, परंतु ते शास्त्र नव्हे.

झेब्रा हे कुळाचे नाव, हे ऐकून आमच्या बालवाचकांस हसू येईल. झेब्रा हा प्राणी आपल्याकडचा नव्हे. १६२१ साली जहांगीर बादशहाच्या दरबारी एक झेब्रा आणला गेला, तेव्हा अंगावरचे पट्टे कोणी रंगाने ओढले असावेत अशी शंका लोकांस आली होती. पुढे उस्ताद मन्सूर ह्या चित्रकाराने त्याचे अप्रतिम चित्र काढले. तेव्हा नवल वाटणे साहजिक आहे. परंतु हसण्यापूर्वी आपण आपल्या गोत्रांकडे एकवार दृष्टी टाकावी. कश्यप म्हणजे कासव. शतपथ ब्राह्मणात तर कूर्म व कश्यप ह्यांचे ऐक्यच सांगितले आहे. कौशिक ह्या शब्दाचा एक अर्थ घुबड. शौनक ज्या शुनकाचे वंशज, त्या शुनक शब्दाचा अर्थ कुत्रा. वत्स म्हणजे वासरू. भारद्वाज हे एका पक्ष्याचेही नाव आहे. आणि तैत्तिरीय शाखा ज्या तित्तिरीवरून ओळखली जाते, तो तित्तिर पक्षी शेतात आजही दिसतो. संध्येच्या वेळी ज्यांचा उच्चार आपण भक्तिभावाने करतो, ती ही नावे. मग झुलूंच्या कुळात झेब्रा असला, हत्ती ह्या अर्थाचे 'न्डलोवू' असले किंवा रानरेडा ह्या अर्थाचे 'न्याथी' असले, तर त्यात नाक मुरडण्याजोगे काय आहे?

आता झुलूंची कुळव्यवस्था पाहू. आडनावास ते 'इसिबोंगो' म्हणतात. हा शब्द 'बोंगा' ह्या धातूपासून निघाला आहे, आणि त्या धातूचा अर्थ आहे स्तुती करणे, आभार मानणे. म्हणजे त्यांच्या भाषेत आडनाव आणि गौरव एकाच मुळाचे आहेत. बहुतेक कुळांची नावे कोणा मूळपुरुषाच्या व्यक्तिनामावरून पडली. 'झुलू' हेच घ्या. परंपरा सांगते की, मलांडेला नावाच्या पुरुषास क्वाबे व झुलू असे दोन पुत्र होते. एकापासून क्वाबे कुळ निघाले, दुसऱ्यापासून झुलू. झुलू ह्या शब्दाचा अर्थ आकाश. हे कूळ पुष्कळ काळ लहानच होते. १८१६ मध्ये शाका गादीवर आला आणि त्याने १८२८ पर्यंतच्या अवघ्या बारा वर्षांत आजूबाजूची कुळे जिंकून एक बलाढ्य राज्य उभारले. तेव्हा एका लहान कुळाचे नाव एका मोठ्या लोकसमूहाचे झाले. त्या समूहात सामील झालेल्या कुळांनी मात्र आपापली इसिबोंगो सोडली नाहीत. राजा झुलू कुळाचा, राष्ट्र झुलू, परंतु घर डूबेंचे, खुमालोंचे किंवा म्खिझेंचे, अशी ती व्यवस्था आहे. डूबे कुळाचाही अर्थ असाच लावावयाचा: झेब्रा असे ज्याचे नाव ठेविले होते, अशा एका पूर्वजाची ही संतती.

एका इसिबोंगोच्या वधूवरांचा विवाह होत नाही. आईच्या कुळातही सोयरीक करणे टाळतात. सगोत्र व सपिंड ह्यांची चर्चा ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या झाली, त्या घरांस हे निराळे समजावून सांगावयास नको. आपल्याकडे १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहाची आडकाठी दूर केली, तरी स्थळ पाहताना गोत्र विचारण्याची चाल पुष्कळ घरांतून अद्याप आहे.

आणखी एक साम्य सांगण्याजोगे आहे, आणि त्यातच एक सुरेख भेद दडलेला आहे. प्रत्येक झुलू कुळास आडनावाखेरीज 'इझिथाकाझेलो' म्हणजे गौरवनावे असतात. ही बहुधा जुन्या पूर्वजांची नावे असून ती एकामागून एक म्हटली की कुळाची छोटीशी वंशावळच होते. झुलू राजकुळातील मनुष्यास 'न्डाबेझिथा' किंवा 'मगेबा' म्हणून संबोधितात. आपल्या प्रवरांची येथे आठवण व्हावी. मुंजीनंतर बटूस अभिवादन शिकविताना आपण त्र्यार्षेय किंवा पंचार्षेय प्रवर, गोत्र व नाव उच्चारावयास लावतो. परंतु आपला प्रवर आपण स्वतः सांगावयाचा असतो; झुलूंचे गौरवनाव दुसऱ्याने घ्यावयाचे असते. कोणी पाणी दिले, वाट दाखविली, मुलाचे कौतुक केले, की उपकृत मनुष्य समोरच्याच्या पूर्वजांचे नाव घेऊन त्याचे आभार मानतो. एका मनुष्याने केलेल्या लहानशा उपकाराचे श्रेय त्याच्या साऱ्या पितरांस पोचते. आपल्या कुळाचा अभिमान आपण बाळगणे सोपे आहे. दुसऱ्याच्या कुळाची नावे पाठ ठेवून ती योग्य वेळी आदराने उच्चारणे, ही संस्कृतीची अधिक कठीण परीक्षा होय.

झुलू प्रदेशाच्या उत्तरेस, आजच्या झिंबाब्वे देशात, डूबे हे आडनाव पुष्कळ आढळते; परंतु तेथे त्याचा उगम निराळा आहे. खुमालो कुळातील म्झिलिकाझी हा सरदार शाकापासून फुटून आपले लोक घेऊन उत्तरेकडे गेला आणि १८४० च्या सुमारास आजच्या बुलावायोच्या परिसरात त्याने एन्डेबेले राज्य स्थापिले. त्या भागातील मूळ रहिवाशांत प्रत्येक कुळाचा एक पूज्य प्राणी मानण्याची चाल होती, आणि त्या प्राण्याचे मांस त्या कुळाने खाऊ नये असा निर्बंध होता. ज्यांचा पूज्य प्राणी झेब्रा, ते शोना भाषेत 'टेंबो' किंवा 'म्बिझी' म्हणविले जात. एन्डेबेले भाषेत त्याच अर्थाचे नाव 'डूबे'. हा प्रकार आपल्या मराठा कुळांतील देवकासारखा आहे. देवक कळंबाचे असो वा मोराच्या पिसाचे, त्यास इजा करावयाची नाही आणि सम देवकात लग्न करावयाचे नाही. एवंच झुलू प्रदेशातील डूबे हे पूर्वजाचे नाव, आणि झिंबाब्वेतील डूबे हे देवकाचे नाव. शब्द तोच, भाषाही जवळची, तरी कुळकथा दोन.

आता ज्यांच्या नावावरून हा विषय निघाला, त्या जॉन डूबे ह्यांची गोष्ट ऐका. ती तिसरीच आहे. नाताळ प्रांतात आमाकाडी नावाचे लोक राहतात. ह्यातील 'का' आपला नव्हे. जीभ टाळूस लावून सोडली असता जो 'टक्' असा आवाज होतो, तो येथे करावयाचा. त्यांच्या एका नायकाचे व्यक्तिनाव डूबे होते. झुलू राजा डिंगाने ह्याने १८३७ च्या सुमारास त्यास ठार करविले. त्याची एक विधवा लहान मुलासह डॅनिअल लिंडले ह्या अमेरिकन मिशनऱ्याच्या आश्रयास आली. तो मुलगा पुढे ख्रिस्ती झाला, जेम्स हे नाव त्याने घेतले, आणि आडनाव म्हणून पित्याचे व्यक्तिनाव लाविले. हे जेम्स डूबे १८७० मध्ये दीक्षित पाद्री झाले. आणि त्यांच्या पोटी १८७१ मध्ये जॉन लांगालिबालेले डूबे ह्यांचा जन्म झाला. परंतु आमाकाडींचे खरे इसिबोंगो आहे 'ङ्चोबो', आणि त्यांचे गौरवनाव 'माफोलोबा'. म्हणजे ज्या पुरुषामुळे डूबे हे नाव जगास ठाऊक झाले, तो कुळाने डूबे नव्हेच! मिशनच्या पुस्तकात नाव लिहावयाची वेळ आली तेव्हा आजोबांचे नाव नातवंडांचे आडनाव होऊन बसले.

नेल्सन मंडेला ह्यांचेही असेच आहे. ते थेंबू लोकांपैकी. मंडेला हे त्यांच्या आजोबांचे व्यक्तिनाव, आणि कुळाचे नाव 'मडिबा'. म्हणून त्यांचे देशबांधव आदराने व प्रेमाने त्यांस मडिबा म्हणत. आपल्याकडेही बाळाजी विश्वनाथांचे मूळ आडनाव भट असता वंशजांस पेशवे म्हणून जग ओळखते. आणि किती देशपांडे, कुळकर्णी व फडणीस दफ्तरात पडलेली हुद्द्याची नावे आज अभिमानाने मिरवितात, त्यास गणती नाही. आडनाव हे दगडावरच्या रेषेसारखे अनादी आहे, हा समज दोन्ही देशांत सारखाच चुकीचा.

जॉन डूबे ह्यांचे चरित्र मोठे उद्‌बोधक आहे. १८८७ मध्ये ते अमेरिकेस जाऊन ओबर्लिन येथे शिकले. बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या टस्कीगी येथील संस्थेचा आदर्श पुढे ठेवून त्यांनी १९०० च्या सुमारास डर्बनजवळ इनांडा येथे ओह्लांगे ही उद्योगशिक्षणाची शाळा काढली, आणि १९०३ मध्ये 'इलांगा लासे नाताळ' हे झुलू वृत्तपत्र सुरू केले. 'इलांगा' म्हणजे सूर्य. लांगालिबालेले ह्या त्यांच्या नावातही तोच सूर्य तळपतो आहे. त्यांची 'इन्सिला काशाका' ही झुलू भाषेतील पहिली कादंबरी मानली जाते. ८ जानेवारी १९१२ रोजी जी संस्था स्थापन झाली व १९२३ पासून जी आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ह्या नावाने ओळखली जाते, तिचे पहिले अध्यक्ष डूबेच होते. महात्मा गांधींचा १९०४ मध्ये स्थापन झालेला फिनिक्स आश्रम त्यांच्या शाळेपासून जवळच होता.

आणि महाराष्ट्राचा ह्या कथेशी एक खराखुरा धागा येथेच जुळतो. १९१२ च्या अखेरीस नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले होते. नोव्हेंबर महिन्यात त्यांनी ओह्लांगे येथे जाऊन डूबे ह्यांची शाळा पाहिली व त्यांच्याशी संभाषण केले. १९०५ च्या काशी येथील राष्ट्रसभेचे अध्यक्ष, आणि दहाच महिन्यांपूर्वी जन्मलेल्या आफ्रिकन राष्ट्रसभेचे अध्यक्ष, असे ते दोघे एकमेकांसमोर उभे होते. फर्ग्युसन महाविद्यालयात विद्यादानास आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्या गोखल्यांस त्या शाळेचे मोल सांगावे लागले नसेल. डूबे १९४६ मध्ये निवर्तले. २७ एप्रिल १९९४ रोजी मंडेला ह्यांनी आपल्या आयुष्यातील पहिले मत ह्याच ओह्लांगे शाळेत दिले, आणि डूबे ह्यांच्या समाधीपाशी जाऊन देश स्वतंत्र झाल्याचे त्यांस निवेदन केले.

येथवर पुरुषांच्या नावांचे झाले. आमच्या वाचकभगिनींस ह्यापुढील भाग अधिक जवळचा वाटेल. झुलू सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नसते. इतकेच नव्हे, त्या नावातील अक्षरे ज्या शब्दांत येतात ते शब्दही टाळावयाचे असतात. ह्या मर्यादेस 'ह्लोनिफा' म्हणतात. सासऱ्याचे नाव डूबे असेल तर सुनेने झेब्र्यास झेब्रा म्हणावयाचे नाही, दुसरा शब्द शोधावयाचा! पतीचे नाव उघड घेण्याऐवजी उखाण्यात गुंफणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांस ही अडचण नेमकी समजली असती. झुलू भाषेत चुकचुकण्याचे जे ध्वनी आहेत, दुःखाची वार्ता ऐकून आपण जिभेने 'च्च्' करतो तसे, ते शेजारच्या खोइसान भाषांतून आले आहेत. आणि सासुरवाशिणींस निराळे शब्द लागत, म्हणून ते इतके रुजले, असे काही भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. बायकांच्या मौनाने एका भाषेस नवे वर्ण दिले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु त्याच झुलू समाजात विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव पुसले जात नाही. डूबे कुळातील कन्या कोणत्याही घरी गेली तरी तिला 'माडूबे' म्हणूनच आदराने हाक मारतात. खुमालोंची लेक ती 'माखुमालो'. मुले पित्याच्या कुळाची, परंतु ती स्वतः अखेरपर्यंत आपल्या पित्याच्या कुळाची. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळांवर नवे नाव लिहून आडनाव, गोत्र व प्रसंगी पाळण्यातले नावही बदलते. त्या शेजारी ही चाल ठेवून पाहावी.

आणि तरीही, नाव जपणारी चाल असली म्हणजे नाव जपले जातेच असे नाही. जॉन डूबे ह्यांच्या पत्नी नोकुटेला ह्या मडिमा कुळातल्या. पतीबरोबर त्या अमेरिकेस गेल्या, संगीत शिकल्या, शाळा उभारण्यात बरोबरीने राबल्या, मुलांस गाणे शिकविले; १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुलू गीतांच्या पुस्तकात त्यांचा वाटा होता. १९१७ मध्ये त्या वारल्या. जोहान्सबर्ग येथील ब्रिक्स्टन दफनभूमीत त्यांची कबर कित्येक दशके नावावाचून पडली होती. २०१३ मध्ये तेथे नाव कोरलेला दगड बसविण्यात आला. पतीच्या नावाची वसाहत झाली, आणि तिला मात्र आपले नाव मिळावयास शहाण्णव वर्षे थांबावे लागले.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी छापील कुलवृत्तांत असेल. त्यात दहा-बारा पिढ्यांचे पुरुष ओळीने सापडतील. स्त्रियांची मात्र बहुधा सासरची नावे तेवढी, आणि तीही मधूनमधून. श्राद्धात माता, पितामही व प्रपितामही ह्यांचे नाव आपण घेतो, परंतु पितामहीचे माहेर कोणते, तिचे पाळण्यातले नाव काय, हे किती जणांस सांगता येईल? घरात आजी असेल तर येत्या सुटीत तिच्यापाशी बसावे. तिचे, तिच्या आईचे, जमल्यास आईच्या आईचे माहेरचे नाव, गाव व कूळ विचारून घ्यावे, आणि कुलवृत्तांताच्या समासात ते शाईने लिहून ठेवावे. हे काम मुलांवर सोपविल्यास उत्तम. शब्दांची व्युत्पत्ती मागाहूनही शोधता येते. माणसांची नावे मात्र ती सांगणारे कोणी आहे तोवरच विचारून घ्यावी लागतात.